समोरून ‘देव तुला’ आलं की उलट काय म्हणायचं?

पत्र आलंय एका मैत्रिणीचं, नाव-गाव गाळून थोडक्यात देते. मूळची सांगली जिल्ह्यातली, दोन वर्षं झाली आयर्लंडमध्ये गॉलवेला राहते, वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते. तिथे कॉनेमाराकडच्या, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या भागातल्या, एक आजी आहेत, 85 च्या पुढच्या, हल्ली विसरायला होतं, आणि इंग्रजी मागे मागे सरकत लहानपणीची आयरिश भाषा वर येत चाललीये. रोज सकाळी ही खोलीत गेली की आजी आयरिशमध्ये काहीतरी म्हणतात आणि ही ‘हॅलो’ म्हणते, मग आजी तिच्याकडे बघतच राहतात. हिला वाईट वाटलं, अ‍ॅपवरून शिकायला लागली. एवढ्या म्हाताऱ्या बाईला ‘तू’ कसं म्हणायचं म्हणून मुद्दाम अनेकवचन शोधून ते पाठ केलं, आणि सकाळी ते म्हटल्यावर आजींनी चक्क मागे वळून पाहिलं, अजून कोण आलंय म्हणून. शेजारी उभी असलेली सहकारी हसली आणि म्हणाली, कशाला त्रास करून घेतेस, ही भाषा आता कोणी बोलत नाही. त्यात नंतर हिला कळलं की या नमस्कारात देवाचं आणि मेरीचं, म्हणजे येशूच्या आईचं, नाव आहे. पत्राच्या शेवटी ती विचारते, ‘मी हिंदू, परकी, उच्चार कच्चा, मी हे बोलणं म्हणजे आगाऊपणा तर नाही ना? की सोडून देऊ?’

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस. आणि सगळ्यात आधी त्या मागे वळून बघण्याबद्दल बोलू, कारण मला वाटतं तिथेच तू सगळ्यात जास्त दुखावली गेलीयेस आणि खरं सांगायचं तर तिथे तुझी चूक फार गोड आहे. मी स्वतः डब्लिनला नऊ वर्षं काढली, त्यातली तीन वर्षं संध्याकाळच्या आयरिश क्लासला जात होते, आणि आपल्या मराठी डोक्याला हा एक मुद्दा पचायला किती वेळ लागतो ते मला माहितीये. आपण मान द्यायचा म्हटलं की अनेकवचन करतो, ‘तुम्ही बसा, आजोबा आले’. हल्लीच्या रोजच्या आयरिशमध्ये ते नाही. तिथे एकाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन, बस्स, मग समोर शाळेतलं पोर असो की देशाचा राष्ट्राध्यक्ष. एका माणसाला म्हणायचं ‘दीअ ग्वित’ आणि दोघांना किंवा जास्त लोकांना ‘दीअ घीव’. तू ‘दीअ घीव’ म्हणालीस, आजींनी ऐकलं की ही दोन-चार जणांशी बोलतेय, म्हणून त्यांनी बाकीचे शोधले. त्यांनी तुझं बोलणं नीट समजून घेतलं म्हणून तर मागे वळल्या ना! उच्चार इतका वाईट असता तर काहीच कळलं नसतं. हे तुझ्या सहकारीणबाईंच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता राहिलं ‘तू’. जीभ रेटत नाही हे मला कळतं. पण आपण आईला काय म्हणतो गं? माझ्या घरी तरी आईला, आजीला, आणि पंढरीच्या विठोबाला, तिघांनाही ‘तू’च. म्हणजे ‘तू’मध्ये मान नसतो हे आपलं तरी कुठे खरंय. आणि गंमत म्हणजे आयरिशमध्येही तो शब्द ‘तू’च आहे, अगदी आपलाच, त पण आपला आणि ऊ पण आपला. ‘दीअ’ म्हणजे देव, तेही योगायोगाने जुळलेलं नाही, आपल्या ‘देव’चं आणि त्यांच्या ‘दीअ’चं मूळ एकच आहे, दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, एक शाखा इकडे आली आणि एक पार अटलांटिकच्या काठाला जाऊन थांबली. तेव्हा ‘दीअ ग्वित’चा शब्दशः अर्थ ‘देव तुला’. तुला काय? तर वाक्य अर्धंच आहे. पूर्ण वाक्य ‘गु म्यानी दीअ ग्वित’, म्हणजे देव तुला आशीर्वाद देवो, बोलता बोलता सुरुवातीचं झिजून गेलं.

आणि आता मी तुला जे खरंच सांगायचंय ते. तू नमस्कार पाठ करत बसलीस, पण आजी तर आधीच नमस्कार करतायत, रोज सकाळी, त्या पहिल्या बोलतात. तुला लागतंय ते उत्तर. अ‍ॅप असो, पुस्तक असो, सगळे आपल्याला सुरुवात करायला शिकवतात, आणि मग समोरून कोणी सुरुवात केली की आपण तोंडाकडे बघत राहतो. आयरिशमध्ये हे जास्तच जाणवतं कारण तिथे उत्तर म्हणजे तोच शब्द परत म्हणणं नाही. आपलं राम राम ला राम राम चालतं, तिकडे ‘दीअ ग्वित’ ला ‘दीअ ग्वित’ म्हटलं तर कानाला अर्धवट लागतं. उत्तर असतं ‘दीअस म्विरे ग्वित’, देव आणि मेरी तुला. म्हणजे जेवढं मिळालं त्यापेक्षा थोडं जास्त परत करायचं, शेजारणीचा डबा परत देताना रिकामा देत नाही ना आपण, तसं. कोणी अजून पुढे जाऊन तिसऱ्यांदा त्यात आयर्लंडच्या संत पॅट्रिकचंही नाव घालतं. आजी तुझ्या ‘हॅलो’नंतर बघत राहतात त्या रागावून नसाव्यात, मला वाटतं त्या वाट बघत असतात. 80 वर्षं त्यांच्या पहिल्या ओळीला दुसरी ओळ मिळत आलीये, आता ती येत नाही.

म्हणून एकच गोष्ट शिकायची असेल तर हे उत्तर शीक. सावकाश म्हण, दीअस, मग म्विरे, मग ग्वित.

मेरीच्या नावावरून तुला जे वाटतंय ते मी उडवून लावणार नाही, कारण देवाचं नाव तोंडात घेणं ही साधी गोष्ट नाही आणि ज्याला ती साधी वाटत नाही त्याचा मला आदर आहे. पण जरा आपल्याकडे बघ. गोव्यात ‘देव बरें करूं’ म्हणतात, थँक्यूच्या जागी, आणि ते म्हणताना समोरचा चर्चला जातो की देवळात हे कोणी विचारत नाही. वारीत ‘रामकृष्ण हरी’ म्हणत कोणी पाया पडलं तर आपण आधी स्वतःची श्रद्धा तपासत बसतो का, आपणही वाकतो. आयर्लंडमध्ये कित्येक लोक चर्चची पायरीसुद्धा चढत नाहीत पण ‘दीअ ग्वित’ म्हणतात, त्यांच्यासाठी तो नमस्कारच आहे. आणि एक छोटीशी गोष्ट मला फार आवडते, हे ‘म्विरे’ नाव आयरिशमध्ये फक्त येशूच्या आईसाठी राखून ठेवलेलं आहे, गावातल्या बायकांची नावं ‘मार्य’ असतात, तेच नाव पण वेगळं रूप. एवढ्या जपून ठेवलेल्या नावाने आजी तुझं भलं चिंततायत किंवा तू त्यांचं चिंतावंस अशी वाट बघतायत. तरीही जड जात असेल तर दुसरा रस्ता आहे आणि त्यात कमीपणा नाही, देवाचं नाव न घेता सरळ ‘कशी आहेस’ विचारायचं. तरुण पोरं तर गेलटाक्टमध्येसुद्धा, म्हणजे जिथे आयरिश घरात बोलली जाते त्या भागातही, सर्रास ‘हाय’ म्हणतात. पण तुझ्या आजींना मात्र मी ती दुसरी ओळ दिली असती.

‘कशी आहेस’ मध्ये एक गोची आहे. तू पत्रात लिहिलंयस की अ‍ॅपवर ‘कोनस ता तू’ शिकलीस. ते बरोबरच आहे, पण ते दक्षिणेकडचं, केरी-कॉर्ककडचं. उत्तरेला डोनेगॉलमध्ये ‘गजे मार ता तू’ म्हणतात. आणि तुझ्या गॉलवे-कॉनेमारात ‘के खी विल तू’. कोल्हापूरच्या माणसाला नागपुरी कळत नाही असं नाही पण कानाला घरचं ते घरचं, आणि ज्या बाईची आठवण पुसट होतेय तिच्याशी तिच्या गावचंच बोलावं असं मला वाटतं. तेव्हा ‘के खी विल तू’. यातला ख आपला नाही, उर्दूतल्या ‘खबर’मधला, घशात घासून येणारा. आजींनी विचारलं तर उत्तर ‘ता मे गु मा, गुर मा अगत’, म्हणजे मी बरी आहे, थँक्यू, आणि मग ‘अगस तू हेन?’, आणि तू गं? ‘गुर मा अगत’ शब्दशः ‘तुझ्याकडे चांगलं असो’ असं काहीतरी होतं, परत आशीर्वादच. या भाषेत साधं थँक्यू पण कोणाचं तरी भलं केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

उच्चाराबद्दल तू उगाच घाबरतेस, उलट मराठी येणाऱ्या माणसाला इथे फायदा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांची त म्हणताना ट कडे जीभ जाते, आयरिशमधला ‘ता’, ‘तू’ मधला त दातावरचा आहे, ताटातला त, तो तुला जन्मापासून येतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे च दोन आहेत, चमच्यातला वेगळा आणि चिमणीतला वेगळा, ज पण दोन, जगातला आणि जिलबीतला, लिहायला एकच अक्षर पण आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. आयरिशमध्ये जवळपास प्रत्येक व्यंजनाची अशी जोडी असते, एक जाड आणि एक बारीक. ‘दीअ’ मधला द बारीक आहे, तो जिलबीच्या ज कडे झुकतो, म्हणून कोणी जीअ ऐकतं कोणी दीअ. ‘ग्वित’ मधला ग मात्र गझल गाणारे घशातून काढतात तसा, आणि शेवटचा त चिमणीच्या च च्या दिशेने थोडा सरकलेला. हे वाचून जमणार नाही, ऐकावं लागेल. टँगलन नावाची आयरिश शब्दकोशाची साइट आहे, तिथे शब्द टाकला की बऱ्याच शब्दांचे उच्चार तीन बोलींमध्ये ऐकायला मिळतात, त्यातली कॉनॉक्टची म्हणजे तुमच्या बाजूची बोली ऐक. आणि रेडिओ लाव. आयरिशमधलं सरकारी रेडिओ स्टेशन 1972 पासून आहे आणि त्याचं मुख्य ऑफिस कॉनेमारातच आहे, आजींच्या खोलीत हळू आवाजात ते लावून ठेवलं तर तुझा क्लास पण होईल आणि त्यांना कानावर घरचं पडेल.

स्पेलिंगकडे बघून मात्र उच्चार करायला जाऊ नकोस, निदान सुरुवातीला. तिथे एम-एच दिसतं आणि व ऐकू येतो, टी-एच दिसतं आणि नुसता ह येतो किंवा तोही गायब. सगळ्यालाच नियम आहेत, पण ते नंतर.

आता तुझ्या सहकारीणीचं ‘कोणी बोलत नाही’. मी तिच्यावर रागावणार नाही, तूही रागावू नकोस, पण तिचं म्हणणं जसंच्या तसं घेऊ पण नकोस. 2022 च्या जनगणनेत जवळजवळ 18.7 लाख लोकांनी आम्हाला आयरिश येते असं लिहिलं, आणि शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे निघाले साधारण 72 हजार. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे ना, तुझी सहकारीण बहुतेक तिथे उभी आहे. 1937 च्या राज्यघटनेत ही देशाची पहिली अधिकृत भाषा, शाळेत सगळ्यांना सक्तीची, वर्षानुवर्षं शिकून बाहेर पडल्यावर तोंडातून वाक्य निघत नाही, आणि त्याची एक लाज मनात राहते. त्यामागे जुनी दुखणीही आहेत, 1831 नंतरच्या सरकारी शाळा इंग्रजीतून, आयरिश बोललं की पोराच्या गळ्यातल्या काठीवर खाच पाडायची आणि खाचा मोजून शिक्षा द्यायची, मग 1845 पासूनचा बटाट्याचा दुष्काळ, त्यात साधारण 10 लाख माणसं मेली आणि तेवढीच किंवा जास्तच देश सोडून गेली, आणि सगळ्यात जास्त मार बसला तो पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या गरिबांना. अशा भाषेतलं वाक्य एक बाहेरून आलेली मुलगी दोन वर्षांत बोलायला लागते तेव्हा शेजारच्या माणसाला आपलंच राहून गेलेलं काहीतरी आठवतं. हसू त्यातून येतं बऱ्याचदा.

म्हणून एक व्यवहाराचं सांगते, हे तुझ्यासारख्या तिकडे असलेल्या सगळ्यांनाच लागू आहे. सहकाऱ्यांवर, दुकानात, बसमध्ये अचानक लांबलचक आयरिश टाकू नका, समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘गुर मा अगत’ म्हणा, तिथे थँक्यू म्हणायची पद्धत आहेच, आणि यात त्याला उत्तर शोधावं लागत नाही. कोणाच्या कोटावर छोटी गोल रिंग, ‘फान्ये’ म्हणतात तिला, ती दिसली तर मात्र बिनधास्त बोला, आयरिश बोलायला आवडेल हे सांगायलाच ती लावतात. मार्चच्या 1 तारखेपासून 17 पर्यंत आयरिशचा उत्सव असतो, तेव्हा ज्यांना दोनच शब्द येतात तेही बोलतात, ती चांगली वेळ. आणि भाषेला ‘आयरिश’च म्हणा, ‘गेलिक’ म्हटलं की लोकांना स्कॉटलंड आठवतं. ‘टॉप ऑफ द मॉर्निंग’ कृपा करून कोणाला म्हणू नका, तिथे तसं कोणी बोलत नाही. ‘गुड मॉर्निंग’चं आयरिश ‘मॅजिन वा’ सगळीकडे शिकवतात, चालतं, पण ते इंग्रजीवरून घेतलेलं आहे, आपल्या ‘शुभ प्रभात’सारखं, व्हॉट्सअ‍ॅपवर छान दिसतं पण माझी आजी सकाळी उठून मला कधी शुभ प्रभात म्हणाली नाही. सकाळ असो दुपार असो, ‘दीअ ग्वित’ पुरतं. रात्रीचं ‘ईहा वा’ मात्र पक्कं, नाइट ड्युटीला ते वापर.

आणि ‘मी परकी’ हे वाक्य जरा बाजूला ठेव. पोलिसाला तू ‘गार्डा’ म्हणतेस, पंतप्रधानाला तिकडे इंग्रजीतसुद्धा ‘तीशख’च म्हणतात, म्हणजे रोज चार आयरिश शब्द तुझ्या तोंडात आहेतच. 2017 मध्ये ज्यांना तीशख केलं त्या लिओ वराडकरांचं आडनाव मालवण तालुक्यातल्या वराड गावचं, वडील मुंबईचे डॉक्टर, आई आयर्लंडची नर्स. तिकडच्या लोकांना आपलं आडनाव उच्चारायची सवय झाली, तुलाही त्यांचा नमस्कार उच्चारायची होईल.

एक काळजी मात्र मनापासून सांगते. तू नीट उत्तर दिलंस की आजी खुलतील आणि पुढे धडाधड बोलायला लागतील, तेव्हा मान डोलवत ‘हो हो’ करू नकोस. (तसंही आयरिशमध्ये हो आणि नाही ला शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं, ‘आलीस का?’ ला आपण ‘आले’ म्हणतो तसं. आहेस का ला ‘ता’, नाही तर ‘नील’.) त्यापेक्षा ‘नील मोरान ग्वेलगे अगम’ म्हण, माझ्याकडे फारशी आयरिश नाही. ‘अबर अरीश ए, ले दु हिल’, परत सांग ना प्लीज. आणि दुखणं, औषध, पडणं-झडणं असं काही असेल तर तुझ्या चार वाक्यांवर अवलंबून राहू नको, ‘पीअन’ हा शब्द कानावर आला, म्हणजे वेदना, तर लगेच आयरिश येणाऱ्या कोणालातरी बोलव किंवा त्यांच्या घरी फोन लावायला सांग. मेट्रनशी पण एकदा बोल, आजींच्या फाइलमध्ये ‘आयरिशमध्ये बोललं की प्रतिसाद देतात’ अशी नोंद झाली तर रात्रीच्या शिफ्टच्या माणसालाही कळेल.

त्यांच्या नावाने हाक मारायची असेल तर अजून एक, नाव तसंच्या तसं घ्यायचं नाही. आपण बाळला बाळा, मुलं चं मुलांनो करतो तसं तिथेही हाक मारताना नाव बदलतं, पण मुख्य बदल सुरुवातीला होतो, पुरुषांच्या नावात कधी शेवटीही. ‘मार्य’ला हाक मारताना ‘अ वार्य’, ‘शॉन’ला ‘अ ह्याइन’. तू पत्रात आजींचं नाव दिलंयस ते मी इथे लिहीत नाही, त्याचं हाक मारायचं रूप तुला वेगळं कळवते. तोवर ‘अ खारा’ म्हण, म्हणजे मित्रा किंवा मैत्रिणी, तिकडे सरकारी पत्रांची सुरुवातसुद्धा याच शब्दाने करतात, त्यामुळे आगाऊपणा वाटेल ही भीती नको.

आणि निघताना. आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि घरात राहणारा म्हणतो ‘ये हं’, दोघांचे शब्द वेगळे. आयरिशमध्येही जाणाऱ्याचं आणि राहणाऱ्याचं वेगळं असतं. ‘स्लान’ म्हणजे सुखरूप. तू ड्युटी संपवून निघतेस आणि आजी राहतात, तेव्हा तू म्हणायचंस ‘स्लान अगत’, आणि त्या तुला म्हणतील ‘स्लान लॅत’. उलटसुलट झालं तरी काही बिघडत नाही. कधी त्या ‘स्लान अवाल्या’ म्हणतील, सुखरूप घरी जा. त्या दिवशी बस सुटत असली तरी दारातून मागे फिर आणि ‘गुर मा अगत’ म्हणून मग जा.